सात्सुकी आणि अनर्थदंड

बहुतेक झाडांचा जोर शेंड्याला असतो. सात्सुकीचं उलटं. जपानातल्या नद्यांच्या काठी, खडकांच्या फटींत वाढणारं हे अझेलियाचं झुडूप पुराच्या पाण्यात आडवं होऊन टिकायला शिकलंय, त्यामुळे त्याची सगळी ताकद बुडाशी. शेंडा कायम अशक्त. म्हणून सात्सुकीचं बोन्साय करणारा माणूस खालच्या फांद्या सारख्या आखडत राहतो आणि शेंड्याला कात्री लावताना दहादा विचार करतो. झुडपाला वृक्षाचा आकार द्यायचा, तर जन्मभर त्याच्या सवयीच्या आड यायचं, एवढं कबूल करूनच हा छंद सुरू होतो.

मी तोक्योच्या एदोगावा भागात राहते. निशिकासाई स्टेशनभोवती भारतीयांची वस्ती दाट झाली तो हा भाग. कोबायाशी कुनिओ या नावाजलेल्या बोन्सायकारांनी २००२ साली उघडलेलं शुन्काएन हे बोन्साय संग्रहालयही याच भागात आहे. दिवसभर मी सॉफ्टवेअरचं काम करते आणि सकाळ-संध्याकाळ बाल्कनीतल्या पाच सात्सुकींचं. पाचच का, ते पुढे येईल. माहेर मिरज तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग, घराणं दिगंबर जैन. या तीन गोष्टी एकाच ताटात आल्यामुळे मला एक प्रश्न चुकवता आलेला नाही.

आधी झाडाबद्दल. सात्सुकी लावतात ती माती तोक्योच्या उत्तरेला तोचिगी प्रांतातल्या कानुमा गावची. माती म्हणायची एवढंच. आकागी ज्वालामुखीने चाळीसेक हजार वर्षांपूर्वी ओकलेले सच्छिद्र, हलके, पिवळे खडे आहेत ते, बोटांत चुरडणारे आणि आम्लधर्मी. ओले असताना गडद पिवळे, वाळले की फिकट. पाणी कधी घालायचं हे बघायला कुंडीत बोट खुपसावं लागत नाही, लांबूनही रंग दिसतो. सात्सुकीची मुळं केसासारखी बारीक. कुंडी बदलताना बांबूच्या काडीने ती सोडवायला लागलं की न विंचरलेल्या पोरीची वेणी सोडवल्यासारखं वाटतं; घाई केली की तुटतात. लाकूडही ठिसूळ. तार गुंडाळून फांदी वाकवताना कडकन मोडते, कसलीही सूचना न देता. पण चिवटपणा असा, की जुन्या, निष्पर्ण खोडावर घाव घातला तरी त्याच्या आसपास नवे डोळे फुटतात. द्राक्षाच्या ओलांड्यावर हेच पाहत मी वाढले, म्हणून हे झाड मला पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं.

मेच्या अखेरीस फुलं येतात आणि प्रदर्शनं भरतात. उएनो बागेत, शिनोबाझु तळ्याजवळच्या ग्रीन क्लबमधलं प्रदर्शन मी सहसा चुकवत नाही. ओसाकाझुकीची भडक गुलाबी फुलं, कोझानची जवळजवळ पांढरी, लहान आणि असंख्य. किन्साईच्या पाकळ्या चिरून पट्ट्या केल्यासारख्या, तांबड्या. शिन्न्यो-नो-त्सुकीचं मोठं फूल मधे पांढरं आणि कडेला जांभळट लाल. नावं ठेवण्याचा हा सोस जुना आहे. एदोच्या सोमेई वस्तीतल्या इतो इहेई या माळ्याने १६९२ साली ‘किन्शू माकुरा’ नावाचा पाच भागांचा ग्रंथ काढला, त्यात त्सुत्सुजी, म्हणजे इतर अझेलिया, आणि सात्सुकी मिळून तीनशेच्या वर जातींची चित्रं आणि वर्णनं आहेत. यातल्या कितीतरी जाती बीजातून आलेल्या नाहीत. एखाद्या झाडाच्या एखाद्या फांदीवर अचानक वेगळंच फूल येतं, ती फांदी कापून रुजवतात, नाव देतात आणि जात तयार होते.

आता माझी अडचण सुरू होते. माझ्याकडे निक्को जातीचं एक झाड आहे, माझ्याहून वयाने मोठं. त्याच्या एकाच फांदीवर पांढरं फूल येतं, पांढऱ्यावर लाल रेघांचं येतं, अर्धं लाल अर्धं पांढरं येतं आणि पूर्ण लालही येतं. कुठलं फूल कुठे येईल हे दरवर्षी थोडं बदलतं. वर्तमानपत्रातून लोक याला ‘निसर्गाची रंगपंचमी’ वगैरे म्हणतील. पण ज्यांनी ही झाडं सांभाळली आहेत त्यांना ठाऊक असतं, की पूर्ण लाल फुलांच्या फांद्या बाकीच्यांपेक्षा जोरकस असतात. त्यांना मोकळं सोडलं तर त्या रेघांच्या आणि पांढऱ्या फांद्यांना दाबतात, आणि काही वर्षांत सगळं झाड एकरंगी होतं. म्हणून फुलं असतानाच एकरंगी फांद्यांना दोरा बांधून ठेवायचा आणि फुलं सरली की त्या काढून टाकायच्या. म्हणजे झाडाची जी फांदी सर्वांत निरोगी, तिलाच कात्री. किन्साईचंही तसंच, मधूनच ती साध्या गोल पाकळ्यांची फुलं काढते, आणि तशी फांदी ठेवली तर चिरलेल्या पाकळ्या संपल्याच.

मागच्या मे महिन्यात माझे वडील, आप्पा, इथे आले होते. एप्रिलची खरड छाटणी उरकून, सबकेनची कामं माझ्या धाकट्या भावावर टाकून आलेले. त्यांना उएनोला नेलं. बोन्साय पाहून आपल्याकडची माणसं साधारण दोनच गोष्टी म्हणतात: किती गोड, किंवा बिचाऱ्या झाडाचे हाल. आप्पा यातलं काहीच म्हणाले नाहीत. वाकून प्रत्येक झाडाच्या जुन्या घावांवरची साल कशी भरून आलीय ते बघत होते. एका खोडाजवळ बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “हात चांगलाय ह्याचा.” त्यांनी आयुष्यभर वर्षातून दोनदा बाग छाटलीय, ऑक्टोबरात फळछाटणी करून डोळ्यांना पेस्ट लावलीय, घडांची विरळणी केलीय. कापण्याचं त्यांना कौतुक नाही आणि भयही नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, “ह्याला फळ काय येतंय?”

“बोंड येतं. पण ते ठेवत नाही आम्ही. फूल वाळलं की बोंडासकट खुडायचं, नाहीतर झाडाची ताकद बियांत जाते.”

“म्हणजे फळ न्हाईच. मग कापतीस कशाला?”

मी हसले. ते हसले नाहीत. “हा अनर्थदंड की गं,” म्हणाले.

आप्पा कुंभोज-बाहुबलीच्या गुरुकुलात शिकलेले. समंतभद्राचार्यांचं रत्नकरंड श्रावकाचार, दीडशे श्लोकांचं ते श्रावकाच्या आचाराचं पुस्तक, त्यांना बरंचसं पाठ आहे. अनर्थदंड म्हणजे ज्यातून काही साधत नाही असं पाप. गृहस्थाला शेती करावी लागते, चूल पेटवावी लागते, त्यात जीव मरतातच. शास्त्राने त्याची वेगळी खाती काढली आहेत: घरकामातली ती आरंभी हिंसा, धंद्यातली ती उद्योगी, स्वतःच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. जाणूनबुजून मारणं ही संकल्पी, ती गृहस्थानेही सोडायचीच. आप्पांची द्राक्षबाग उद्योगी खात्यात बसते आणि त्याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नाही. पण श्रावकाच्या गुणव्रतांमध्ये अनर्थदंडविरती हे एक आहे, आणि त्याच्या पाच प्रकारांतला शेवटचा, प्रमादचर्या, याच्या वर्णनात कारणाशिवाय जमीन उकरणं, पाणी उडवणं, आग लावणं यांच्याबरोबर कारणाशिवाय वनस्पती तोडणंही स्पष्ट सांगितलेलं आहे. आप्पांनी आरोप हवेत केला नव्हता. कलमासकट केला होता.

आणि हा आरोप नेहमीच्या बोन्सायविरोधापेक्षा कितीतरी अवघड आहे. झाडाला दुखतं का, ते लहान राहिल्याने दुःखी असतं का, या प्रश्नांवर मी उत्तरं देऊ शकते. नीट सांभाळलेली सात्सुकी शंभर वर्षं आणि त्याहूनही जास्त जगते. जैन मताने झाड एकेंद्रिय, त्याला फक्त स्पर्श. प्राण चार, स्पर्शनेंद्रिय, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. कापण्याचा दोष आहेच, पण तो द्राक्षाला जितका तितकाच इथे. आप्पांचा प्रश्न दोष किती हा नव्हता, दोष कशासाठी हा होता.

उएनोहून आम्ही ओकाचिमाचीपर्यंत चालत गेलो. एकच स्टेशन पुढे. तिथे जवाहिऱ्यांची जुनी बाजारपेठ, त्यात गुजराती आणि राजस्थानी जैन व्यापारी बरेच, त्यामुळे कांदा-लसणाशिवाय जेवण सांगता येतं. जेवताना मी माझा पहिला बचाव मांडला. सौंदर्य हाही उपयोगच ना? लोक इतक्या लांबून बघायला येतात. आप्पा म्हणाले, “बघून पोट भरतंय व्हय?” मी म्हटलं, “आणि द्राक्षाने भरतं? द्राक्ष खाल्ली न्हाईत म्हणून कुणी मेलंय? तुमचा अर्धा माल निर्यातीला जातो, उरलेला बेदाण्याला.” यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माझं पोट भरतं की.”

हे उत्तर मला तेव्हा पळवाट वाटलं. आता वाटत नाही, पण त्यातला खड्डाही दिसतो. उद्योगी हिंसेला सूट आहे ती कर्त्याच्या चरितार्थासाठी, ग्राहकाच्या गरजेसाठी नाही. मग मी हीच झाडं विकायला लागले तर माझी हिंसा अनर्थदंडातून निघून उद्योगीत जाईल का? १९७०च्या दशकात जपानात सात्सुकीची लाट आली होती. झाडांच्या किमती भडकल्या, सट्टा लागल्यासारखी माणसं घेत सुटली, आणि नंतर बाजार कोसळला. त्या काळात ज्याने पैशासाठी झाडं वाकवली त्याचं खातं माझ्यापेक्षा स्वच्छ, असं मला म्हणता येत नाही. पावती फाडली की दोष उतरतो हे समंतभद्रांना अभिप्रेत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरा बचाव आमच्या सात्सुकी मंडळातल्या एका आजोबांकडे पाहून सुचलेला. त्यांचं वय ऐंशीच्या पुढचं. ज्या वर्षी झाड प्रदर्शनात ठेवायचं त्याच्या आदल्या वर्षी ते त्याला फुलूच देत नाहीत. एप्रिलमध्ये स्टुलावर बसून कळ्या एकेक खुडतात. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कळी धरायची, किंचित पिळायची, देठापासून सोडवायची, शेजारच्या पालवीला धक्का लागता कामा नये. एका झाडावर शेकडो कळ्या. फुलणं हा सात्सुकीचा सर्वांत मोठा खर्च, आणि हे झाड आपला खर्च आवरत नाही. अशक्त असलं तरी मरेपर्यंत फुलतं. त्यांच्या हातांकडे बघताना मला तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या आठवली. सूत्रकार उमास्वामी नुसत्या प्राणहरणाला हिंसा म्हणत नाहीत. प्रमत्त माणसाच्या हातून, बेसावधपणाने झालेलं प्राणहरण, असं ते म्हणतात. प्रमाद हा शब्द प्रमादचर्येतही आहेच. मग ज्याच्या बोटांत इतका अप्रमाद आहे, त्याचं कापणं कारणाशिवायचं कसं म्हणायचं?

शिवाय कुंडीतल्या झाडाच्या बाबतीत काही न करणं हा पर्याय उरलेलाच नसतो. जुलैच्या उन्हात दोन दिवस पाणी चुकलं तर संपलं. जूनमध्ये छाटलं नाही तर आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळतात. छाटायला उशीर झाला तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात, कारण त्या उन्हाळ्यातच धरतात. कात्री खाली ठेवली की अहिंसा झाली, एवढं ते सोपं नाही.

हा बचाव मला बरेच दिवस पुरला. मग अमृतचंद्रांनी तो मोडला. दहाव्या शतकातल्या या आचार्यांचा पुरुषार्थसिद्ध्युपाय वाचताना लक्षात आलं, की त्यांच्या मते राग वगैरे भाव मनात उपजणं हीच हिंसा, न उपजणं ही अहिंसा. इथला राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती. त्या आजोबांच्या बोटांत प्रमाद नसेल, पण राग? त्यांची सगळी सावधता त्या रागातूनच आलेली आहे. माझीही. निक्कोच्या झाडावर अर्धं लाल अर्धं पांढरं फूल उमललं की ऑफिसच्या बैठकीतही माझं चित्त तिथेच असतं. प्रदर्शनात भर पडते ती मान कषायाची, म्हणजे गर्वाची. झाडासमोर मालकाच्या नावाची पट्टी असते, खोड ब्रशने घासून स्वच्छ केलेलं, कोमेजलेलं एकूणएक फूल काढलेलं, फुलांवर पाणी पडून डाग नको म्हणून फक्त बुडाशी पाणी. आपल्या झाडासमोर कोण किती वेळ थांबतो हे सगळेच चोरून बघत असतात. फेब्रुवारीत उएनोच्याच कलादालनात कोकुफू-तेन भरतं, १९३४ साली सुरू झालेलं बोन्सायचं सर्वांत मानाचं प्रदर्शन. तिथे सात्सुकी ठेवली तर ती फुलाविना, नुसत्या खोडाच्या आणि फांद्यांच्या बळावर उभी असते. फुलाचा मोह गेला म्हणून मान कमी झालाय, असं तिथल्या चेहऱ्यांवरून वाटत नाही.

जपानी बौद्धांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. गवत, झाडं, देशाची माती, सगळ्यांनाच बुद्धत्व आहे अशी त्यांच्याकडे शिकवण आहे, आणि यामागाता प्रांतात तोडलेल्या झाडांच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडी शिळा आहेत. त्यांतली सर्वांत जुनी १७८० सालची. तोडायचं आणि मग हात जोडायचे. आप्पांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते नाक मुरडतील. पण म्हणाले, “आपण तरी काय करतो? प्रतिक्रमणात एकेंद्रियापासून सगळ्यांची क्षमा मागतोच की.” फरक माझ्या मते एवढाच, की आपल्याकडे क्षमेच्या आधी एक पायरी आहे आणि ती हिशेबाची आहे. परिग्रह सोडता येत नसेल तर त्याचं परिमाण ठरव. दिशा, वस्तू, भोग, सगळ्यांना मर्यादा घाल आणि ती मोडू नकोस. तात्त्विक वाद जिंकायची सोय गृहस्थाला दिलेली नाही. आकडा ठरवायची दिली आहे.

म्हणून पाच कुंड्या. माझं म्हणणं असं आहे, की आप्पांचा आरोप खरा आहे आणि तो मी खोडत नाही. तो मान्य करून काय करायचं एवढंच माझ्या हातात आहे. त्यातून आणखी एक नियम निघाला. कोवळ्या रोपाला तार गुंडाळून पिळायचं आणि नवं बोन्साय सुरू करायचं, हे मी करत नाही. माझ्याकडची पाचही झाडं दुसऱ्यांनी म्हातारी केलेली आहेत. इथे हा छंद करणारी पिढी वयस्कर झालीय. गुडघे गेले, घर विकलं, मुलांना रस नाही, म्हणून झाडं पोरकी होतात. सांगलीत आमच्याकडे पांजरपोळ आहे, तसं काहीसं माझ्या बाल्कनीचं झालंय. अर्थात पांजरपोळातल्या गाईला कुणी स्टँडवर उभं करून बक्षीस लावत नाही, हे मला कळतं.

आप्पांनी या नियमाला लगेच भोक पाडलं. “सहावी कुणी आणून दिली तर?”

“तर एक कुणालातरी द्यायची.”

“म्हणजे तू कापायचीस ते तो कापणार. कृत नसलं तरी कारित झालंच.”

स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला संमती देणं, तिन्हींचा दोष सारखा मोजायचा, हे आमच्या घरात पोरांना पाढ्यांबरोबर शिकवतात. तिसऱ्याचं नाव अनुमोदना, आणि प्रदर्शनाचा सगळा संसार तिच्यावरच चालतो. मी त्यांना त्यांचा फोन दाखवायला सांगितला. ग्रीन क्लबमध्ये त्यांनी कितीतरी झाडांचे फोटो काढले होते, गावच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर टाकले होते आणि खाली ‘लय भारी आप्पा’ची रांग लागली होती. त्यात एकाने तार किती गेजची वापरतात असं विचारलं होतं, आणि आप्पांनी मला विचारून त्याला उत्तरही पाठवलं होतं. “हा पापोपदेश,” मी म्हटलं. “आणि मी तुम्हाला छाटणीसाठी जपानी कात्री घेऊन दिली, ते हिंसादान. अनर्थदंडाच्या पाचातले तीन प्रकार एका आठवड्यात.”

घरी आलो तोवर अंधार पडला होता. बाल्कनीतला दिवा लावून आप्पा निक्कोसमोर उकिडवे बसले. दोरा बांधलेल्या फांद्या त्यांनी मोजल्या, मग दोरा नसलेल्या एका फांदीची पानं बाजूला सारून बघितलं. तिच्यावरची तिन्ही फुलं लाल होती. माझ्या नजरेतून ती सुटली होती.

“ही बघितली न्हाईस. लय जोरात चाललीय. जूनमध्ये हिला बुडापासून काढ, न्हाईतर ही बाकीच्यांना खाईल.”

“आप्पा, हे कारित झालं.”

“झालं तर झालं. दोरा आण.”